स्थिर बसण्यासाठी आधी धावावे लागते

‘अगदी शांत आहे हो, बसवला तिथे बसतो,’ असे लहान मुलाचे कौतुक आपण नेहमी ऐकतो. ज्याचे पाय घरात ठरत नाहीत तो मात्र ‘वांड’ ठरतो. बालवाडीपासूनच मुलाने बाकावर बसावे, पेन्सिल धरावी, अक्षरे गिरवावीत अशी अपेक्षा असते. धावणे, चढणे, उड्या मारणे हे उरलेल्या वेळात. मला हा क्रमच उलटा वाटतो. एका जागी लक्ष देऊन बसणे ही मोठी कमाई आहे आणि ती मनसोक्त हालचालीतूनच होते.

ताठ बसायला पाठीचे आणि पोटाचे स्नायू बळकट लागतात. बोटांनी पेन्सिल नीट फिरवायची, तर खांदा आणि मनगट आधी स्थिर व्हावे लागते. हे बळ पालथे पडून मान उचलताना, रांगताना, फांदीला लोंबकळताना, माती उकरताना येते. तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आतल्या भागात असते; झोका, गिरक्या, फुगडी यांतून तिचा सराव होतो. उडी मारून जमिनीवर आदळताना हाडांवर जो भार येतो, त्याने ती भक्कम होतात.

मनाचेही तसेच आहे. ‘स्टॅच्यू’ म्हटल्याबरोबर धावते पाय जागच्या जागी रोखायचे, लंगडीत दुसरा पाय टेकू द्यायचा नाही, आउट झालो तर मुकाट्याने बाजूला व्हायचे, राज्य आले की ते घ्यायचे. स्वतःला आवरण्याचे इतके धडे कोणत्या पुस्तकात मिळतील? आवरायला सांगून मूल आवरत नाही; खेळ चालू राहावा म्हणून ते आपणहून आवरते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटे तरी धाप लागेल अशी असावी, असे त्या सांगतात. बाबागाडीत किंवा खुर्चीत एका वेळी तासाभराहून अधिक काळ मुलाला अडकवून ठेवू नये, हेही त्यांत आहे. तीन तास हा आकडा मोठा वाटतो. पण अंगण असलेल्या घरातले मूल तो कोणी न सांगता पुरा करते.

घराबाहेर खेळण्याचा फायदा डोळ्यांनाही होतो. चीनमधल्या ग्वांगझो शहरात पहिलीच्या मुलांना शाळेच्या रोजच्या वेळात ४० मिनिटे जादा बाहेर नेण्याचा प्रयोग झाला. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले होते. ज्या शाळांत हा बदल केला नव्हता तिथे हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते.

‘आमचा तर काडीपैलवान आहे, त्याला व्यायाम कशाला?’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्यातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम जरूर समजून घ्यावे. आपली बाळे जन्मतः युरोपीय बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने चरबी जास्त आणि स्नायू कमी अशी असतात, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. अशा शरीरठेवणीमुळे असलेला मधुमेहाचा पुढचा धोका पाहता आपल्या सडपातळ मुलांनाही स्नायू कमावण्याची गरज आहे.

बालशिक्षणात मुलांच्या मोकळ्या वावराला जागा देणे महाराष्ट्राला नवे नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. शाळेत न येणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच पाड्यावरच्या अंगणात गेली. गुरे चारायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मोकळ्यावर वावरणाऱ्या मुलाला चार भिंतींत कोंडल्याशिवाय शिकवता येते, हे या दोघींनी करून दाखवले.

आज अंगणे वाहनतळांनी खाल्ली. सोसायटीत ‘चेंडू खेळण्यास मनाई’ अशा पाट्या लागल्या. शाळेत खेळाचा तास गणिताला दिला जातो, किंवा शिक्षा म्हणून काढून घेतला जातो. मुलींना तर ‘आता मोठी झालीस’ म्हणत फार लवकर आत बोलावतात. मग आपण फी भरून मुलांना खेळाच्या क्लासला घालतो. क्लास वाईट नाही, पण तिथे खेळ मोठ्यांनी ठरवलेला असतो. स्वतः नियम करणे, भांडणे आणि पुन्हा खेळायला लागणे त्यात येत नाही. मूल पडेल ही भीती खरी आहे. तरी खरचटलेल्या गुडघ्यातूनच आपल्याला किती उंचावरून उडी झेपते, हे त्याला कळते.

म्हणून पालकांना सांगणे एवढेच: रोज संध्याकाळी मुलाला बाहेर न्या आणि काय खेळायचे ते त्याला ठरवू द्या. शिक्षकांनी खेळाचा तास कोणत्याही कारणाने काढून घेऊ नये. सोसायटीच्या पुढच्या सभेत चार गाड्यांची जागा मुलांसाठी मोकळी करण्याचा ठराव कोणीतरी मांडायला हवा. तो तुम्ही मांडा.