बाबांसाठी मागणं

देवा, मध्यमेंदूत काळसर पेशींची एक चिमूटभर वस्ती तू वसवलीस आणि आमचं पाऊल उचलणं, हात पुढे करणं, उद्याची वाट पाहणं तिच्यावर सोपवलंस. बाबांच्या मेंदूतली ती वस्ती ओस पडत चालली आहे. तिथून येणारं डोपामिन आटलं, म्हणून ते उंबरठ्यापाशी खिळून उभे राहतात. चेहऱ्यावरचं हसूही उमटत नाही. ते रागावलेत असं नातवंडांना वाटू देऊ नकोस.

ज्यांच्यामुळे हे कळलं, त्यांना तुझ्याजवळ जागा दे. माणसं रस्त्यातून वाकून, थरथरत जाताना पाहून जेम्स पार्किन्सनने 1817 साली लंडनमध्ये त्यांचं हेच दुखणं लिहून ठेवलं. आणि स्वीडनमधल्या आर्विद कार्लसनचे ससे! आपल्या सर्पगंधेतून निघालेलं रेझर्पिन टोचल्यावर ते निपचित पडले, ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा दिल्यावर पुन्हा हलू लागले. ते साल 1957. चारच वर्षांनी व्हिएन्नात अंथरुणाला खिळलेली माणसं त्याच एल-डोपाने उठून चालली. बाबा आज अंगणापर्यंत जातात ते त्या मुक्या जिवांच्या पुण्याईने. त्यांचं ऋण आमच्या नावावर लिही.

पुढे वोल्फ्राम शुल्ट्झने माकडांच्या याच पेशी ऐकल्या. अवचित फळांचा रस मिळाला की त्या खणखणत. रसाआधी खूण मिळते हे माकड शिकलं, तेव्हा त्या खुणेलाच खणखणू लागल्या; आणि ठरल्या वेळी रस आला नाही, तर गप्प होत. अपेक्षेहून जास्त मिळालं की कमी, हेही त्या सांगतात आणि त्यावर आम्ही शिकतो. आमची आशा इथे राहते, देवा, आणि हावही इथेच.

म्हणून एक मागते. डोपामिनची नक्कल करणारी दुसरी गोळी सुरू झाली, आणि जन्मात लॉटरीचं तिकीट न घेतलेले बाबा रात्र रात्र मोबाइलवर रमी खेळू लागले. डॉक्टरांनी गोळी कमी केली, रमी सुटली. मग तो लोभ कोणाचा होता? त्याआधी हातपाय हलेनात, काही करावंसंच वाटेना, तेव्हा लोक आळशी म्हणाले. तो आळस तरी कोणाचा? तुझ्या पाप-पुण्याच्या वहीत हे जमेस धर. आणि अशा माणसाला लोभी, आळशी म्हणायला कुणाची जीभ उचलली, तर ती तिथेच अडखळू दे.

आजची औषधं उणीव भरून काढतात, पेशींचं मरण थांबवत नाहीत. ते थांबवणारं औषध कुणाच्या तरी हाती लागू दे. बाबांच्या हयातीत नाही लागलं, तरी लागू दे. तोवर सकाळची गोळी जेवणाआधी नीट लागू पडू दे. आणि दुपारी तिचा जोर ओसरून पाय जड होतात, त्या वेळी त्यांच्याजवळ घरातलं कुणीतरी असू दे.