दोष कोणाचा, कर्तव्य कोणाचे?



घरात एखादे मूल व्याधी घेऊन जन्मले की शेजारीपाजारी विचारतात, हे कोणाचे पाप? कोणी आईकडे बोट दाखवितो, कोणी पूर्वजन्माकडे. तुम्ही बुद्धाला शरण गेला आहात. तुमचे उत्तर काय असेल?

एक उदाहरण घ्या. गॉर्लिन आणि गोल्ट्झ या अमेरिकेतील दोन डॉक्टरांनी १९६० साली एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. त्यात त्वचेवर कर्करोगाच्या गाठी वारंवार उद्भवतात, जबड्याच्या हाडात पोकळ गाठी होतात, तळहातावर बारीक खळगे पडतात. पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एक जनुक बिघडले की हे घडते. ते जनुक १९९६ साली सापडले. आईबापांपैकी एकाला हा विकार पूर्णपणे असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

परंतु काही माणसांत तो अंगाच्या एकाच भागावर दिसतो आणि त्यांचे आईबाप निरोगी असतात. हे कसे? गर्भ एका पेशीपासून वाढतो. वाढ सुरू झाल्यावर एखाद्या पेशीत बिघाड झाला, तर तो फक्त तिच्यापासून झालेल्या पेशींत उतरतो. मोझॅक फरशीत निरनिराळ्या रंगांचे खडे असावेत, तसा तो देह बनतो. अशा वेळी रक्ताची तपासणी निर्दोष येऊ शकते. दोन वेगळ्या गाठींत तोच बिघाड आढळला, म्हणजे उलगडा होतो.

आता पूर्वजन्मवाद्यांना विचारा, पाप काय उजव्या खांद्याने केले आणि डावा निष्पाप राहिला? ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी गतजन्मीच्या कर्माची ही कल्पना तपासून नाकारली. कारणावाचून काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण. येथे कारण आहे, अपराधी नाही. आणि एका देहातील पेशीसुद्धा एकसारख्या नसतील, तर ज्या बीजशुद्धीवर जात उभी केली, ती कोठून आणणार?

मग कोणाचा दोष नाही म्हणून कोणाची जबाबदारीही नाही काय? तसे नव्हे. एकाच जागी डाग असलेल्या माणसाच्या बीजपेशींतही तो बिघाड असू शकतो. मग त्याच्या अपत्याला तो सर्व पेशींत मिळू शकतो आणि विकार अधिक तीव्र होऊ शकतो. म्हणून लग्न मोडेल या भीतीने डाग लपविणे, हे अकुशल कर्म होय. ते या जन्मीचे आहे आणि आपल्या हातचे आहे. तपासणी करून घेणे, उन्हापासून अंग जपणे, किरणोपचाराची गोष्ट निघाली तर डॉक्टरांना हा विकार आधी सांगणे, हे कुशल कर्म.

अंगारा लावून गाठ जात नाही. सुनेला दोष देऊन मूल बरे होत नाही. उद्या तुमच्या वस्तीत असे मूल जन्मले, तर त्याच्या आईजवळ जाऊन बसा आणि तिला सांगा, बाई, तुझा काही अपराध नाही, चल, डॉक्टरकडे जाऊ.

जयभीम.