अस्त्राचे डोळे

खंडेनवमीला आपल्या घरांतून शस्त्रांची व उपकरणांची पूजा होते. पूर्वजांच्या तलवारीइतकाच मान त्या दिवशी लॅमिंग्टन रोडवरील दुकानातल्या तराजूला आणि संगणकालाही मिळतो. उपकरण निर्जीव; पाप-पुण्य ते हाती धरणाऱ्याचे, अशी आपली धारणा आहे. परंतु जे अस्त्र स्वतः पाहते आणि लक्ष्य शोधते, त्याच्याविषयी ही धारणा पुरेशी ठरेल काय?

हा प्रश्न आपल्याला दूरचा नाही. अरबैल घाट उतरून कारवारला गेले की टागोर किनाऱ्यावर ‘चपल’ ही नौदलातून निवृत्त झालेली रशियन बनावटीची क्षेपणास्त्र नौका दिसते. अशाच जातीच्या ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या नौकांनी ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री कराचीवर हल्ला केला. आपण नौदल दिन साजरा करतो तो त्याच पराक्रमाच्या स्मरणार्थ. त्या रात्री पाकिस्तानची ‘खैबर’ ही विनाशिका बुडाली, दोनशेहून अधिक माणसे गेली. ‘व्हीनस चॅलेंजर’ हे व्यापारी जहाजही बुडाले. त्यावर दारूगोळा होता असे सांगतात. चार दिवसांनी ‘विनाश’ने केलेल्या हल्ल्यात परदेशी व्यापारी जहाजेही सापडली.

हे अस्त्र चाले कसे? नौकेवरील रडार लक्ष्याची दिशा व अंतर सांगे. क्षेपणास्त्र सुटे आणि लक्ष्याजवळ पोचताच त्याच्या अग्रभागातील रडार स्वतःच शोध घेई. या डोळ्याला दिसतो तो परत आलेल्या लहरींचा प्रतिध्वनी. तो पोलादाची वर्दी देतो. पोलादाच्या आत दारूगोळा आहे की धान्य, हे त्याला कळत नाही.

असे डोळे घडवणे हा आज स्वतंत्र उद्योग आहे. सेंट पीटर्सबर्गची ‘ग्रॅनिट-इलेक्ट्रॉन’ ही कंपनी युद्धनौकांसाठी रडार व शस्त्रनियंत्रण यंत्रणा बनवते. त्याच शहरात बांधलेली आपली ‘तलवार’ ही युद्धनौका २००३ मध्ये नौदलात दाखल झाली. तेथील अभियंता म्हणेल, मी केवळ डोळा घडवला. नौसैनिक म्हणेल, पडद्यावर जे दिसले त्यावर मी आज्ञेनुसार अस्त्र सोडले. शासन म्हणेल, युद्ध न्याय्य होते. तिन्ही उत्तरे खरी आहेत. तरीही बुडालेल्या खलाशाचा हिशेब कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

महाभारतात अर्जुनाला ब्रह्मास्त्र सोडता येत होते आणि आवरताही येत होते. अश्वत्थाम्याला आवरणे साधले नाही, आणि त्याचे अस्त्र उत्तरेच्या गर्भावर गेले. व्यासांनी दोघांत केलेला हा भेद मला मोलाचा वाटतो. सुटलेले क्षेपणास्त्रही आवरता येत नव्हते. जे मागे घेता येत नाही, त्याचा विवेक सोडण्यापूर्वीच करावा लागतो. म्हणून उत्तरदायित्व कळ दाबणाऱ्या बोटापासून मागे सरकते: कारखान्यातल्या मेजापर्यंत, खरेदीच्या करारापर्यंत आणि त्या करारासाठी कर भरून निर्धास्त झोपणाऱ्या आपल्यापर्यंत.

देशाने निःशस्त्र राहावे, असे मी म्हणत नाही. सागरकिनारा राखावाच लागतो आणि १९७१ च्या विजयाचा अभिमान मलाही आहे. मात्र विजयात वाटा मागणाऱ्याने त्या रात्री समुद्रात गेलेल्यांचे स्मरणही आपल्याकडे घ्यावे. ते काम अस्त्राचे डोळे आपल्यासाठी करणार नाहीत.