प्रारब्ध आणि दुरुस्त हृदय

जन्मतःच सदोष हृदय घेऊन आलेल्या अर्भकाने पूर्वजन्मी असे काय केले होते, हा प्रश्न आपल्याकडे सहसा मोठ्याने विचारला जात नाही. परंतु कुजबुजीच्या रूपाने तो बाळंतिणीच्या खोलीपर्यंत पोचतोच, आणि ज्याचे प्रारब्ध त्याने भोगूनच संपविले पाहिजे, हे उत्तरही त्याच कुजबुजीत मिळते. धनुष्यापासून सुटलेला बाण वेग सरेपर्यंत थांबत नाही, हा वेदान्त्यांचा दृष्टान्त अशा वेळी हमखास पुढे होतो. मला त्यात सांत्वनापेक्षा आरोपच अधिक दिसतो. पण तो क्षणभर बाजूस ठेवला, तरी बाणाच्या वाटेत हात घालणारी माणसे निघाल्यावर या सिद्धान्ताची फेरतपासणी करणे प्राप्तच होते.

मार्सेयचे वैद्य फॅलो यांनी १८८८ मध्ये ज्या चार दोषांचे एकत्रित वर्णन केले, त्यांत हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला छिद्र असते, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते, आणि पुरेसा प्राणवायू न मिळालेले रक्त अंगभर फिरून मूल निळे पडते. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेलन टाउसिग यांच्या सूचनेवरून आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी अशा एका बालिकेच्या फुप्फुसाकडे रक्ताची नवी वाट काढून दिली, तेव्हा वैद्यकाची कोणतीही पदवी नसलेले कृष्णवर्णीय सहायक व्हिव्हियन थॉमस त्यांच्या पाठीशी उभे राहून, श्वानांवर स्वतः सिद्ध केलेली रीत त्यांस पावलोपावली सांगत होते. ती बालिका पुढे काही महिन्यांतच गेली. रीत मात्र राहिली.

याहून विलक्षण प्रकार दहा वर्षांनी मिनेसोटा येथे घडला. हृदय उघडून आतला दोष दुरुस्त करावयाचा, तर तेवढा वेळ रुग्णाचे रक्त दुसऱ्या कोणी शुद्ध करून फिरविले पाहिजे. आणि भरवशाचे यंत्र हाताशी नसल्यामुळे वॉल्टन लिलेहाय यांनी बहुधा बापाच्या किंवा आईच्या रक्तवाहिन्या मुलाच्या रक्तवाहिन्यांशी जोडून, एकाच्या हृदयावर व फुप्फुसांवर दोन देह चालविले. एका मेजावर दोघांचाही जीव जाण्याचा संभव होता. ऑगस्ट १९५४ मध्ये फॅलोच्या विकाराची पहिली संपूर्ण दुरुस्ती झाली, त्या वेळी तर मुलाशी रक्तगट जुळणारा, पण नात्याने सर्वस्वी परका असा एक मनुष्य या कामी आडवा झाला होता. कर्माचे खाते ज्याचे त्याच्या नावावर असते, असे मानणाऱ्या शास्त्रीबुवांनी ही नोंद कोणाच्या खाती धरावी?

आणि हिशेब तेथेही मिटत नाही. फुप्फुसाकडील अरुंद वाट रुंद करताना तेथील झडप पुष्कळदा कापावी लागते. मूल गुलाबी होते, शाळेत जाते, धावते. पण त्या झडपेतून रक्त मागे गळत राहते, वीस-तीस वर्षांत उजवा कप्पा फुगतो, हृदयाची लय बिघडते, आणि बरा झालो असे समजून संसारास लागलेल्या मनुष्यापुढे नव्या झडपेचा प्रश्न उभा राहतो. ती झडप पायाच्या शिरेतून नळीवाटे बसविण्याची रीत २००० साली निघाली, ही केवढी सोय! परंतु तत्त्वज्ञाने पाहण्याजोगे आहे ते हे की, चाळिशीतील हा भोग कोणत्याही पूर्वपातकाचे फळ नसून, चौथ्या वर्षी केलेल्या दयेच्या कृत्याचे फळ आहे. सत्कर्मही भोग निर्माण करते, आणि तो भलत्याच्याच वाट्याला येतो. म्हणून जन्मजात हृदयदोषापुरते तरी मी म्हणेन की, वैयक्तिक प्रारब्धाची कल्पना येथे टिकत नाही. आपल्या परंपरेतलीच ऋणाची कल्पना अधिक खरी ठरते, फक्त येथे धनको परके आहेत, त्यांत मेलेली बालके आणि प्रयोगशाळेतली श्वानेही आहेत.

ऋण म्हटले म्हणजे समाजाकडेही तगादा आला. छातीवरचा व्रण लग्नाच्या बोलणीत लपवावा लागणारी मुलगी गरोदरपणी कोणत्या वैद्याकडे जाणार, हा प्रश्न तिच्या एकटीच्या प्रारब्धाचा नव्हे. पालघरहून २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषाची तपासणी आहे, आणि ती स्तुत्य आहे. परंतु त्याची मुदत अठराव्या वर्षी संपते, दोषाची संपत नाही. सरकारने ती मुदत अशा रुग्णांपुरती तरी आयुष्यभराची करावी. तोवर ज्यांचे हृदय बालपणी दुरुस्त झाले आहे, त्यांनी शस्त्रक्रियेचे दस्तऐवज जपून ठेवावेत, आणि प्रकृती उत्तम वाटत असली तरी या विकाराच्या जाणकाराकडे ठरल्या मुदतीने जात राहावे.