सव्वाचार इंचांचे वचन

पाळीव पाखराचे शरीर केवढे असावे, हे ठरविण्याचा वाद नैतिक स्वरूपाचा असू शकतो काय? प्रथमदर्शनी हा प्रश्न पोरकट वाटेल. परंतु ब्रिटनमधील कॅनरी पालकांमध्ये चाललेला एक वाद पाहिला, की नियम, रूढी आणि न्यायबुद्धी यांचे परस्परनाते त्यात लख्ख दिसते.

कॅनरी हा मूळचा अटलांटिक महासागरातील बेटांवरचा रानपक्षी, सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीचा. तो युरोपात आला आणि माणसाने पिढ्यान् पिढ्या निवड करून त्याच्या अनेक जाती घडविल्या. कोणी गाण्यासाठी, कोणी रंगासाठी, कोणी केवळ ठेवणीसाठी. प्रदर्शनात उतरणाऱ्या जातींचा लेखी मानदंड असतो. डोके, पाठ, पिसारा, उभे राहण्याची ऐट, आकारमान अशा अंगांना मिळून शंभर गुण असतात आणि परीक्षक त्यानुसार निवाडा देतो.

इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमाभागात अशीच एक लहानखुरी जात वाढली. तिला नाव कोणत्या बाजूचे द्यावे यावरून तंटा झाला आणि १८९० साली 'बॉर्डर', म्हणजे सीमेवरची, हे नाव स्वीकारून तो मिटविण्यात आला. लोक तिला कौतुकाने 'इवलेसे रत्न' म्हणत. तथापि पुढील काही दशकांत हे रत्न अंगाने भरत गेले. तेव्हा स्कॉटलंडच्या फाइफ परगण्यातील काही पालकांनी, ज्यांत वॉल्टर लम्सडेन हे प्रमुख होते, १९५० च्या दशकात लहान चणीचे पक्षी निवडून वेगळी जात उभी केली. तिचे नाव 'फाइफ फॅन्सी'. तिची लांबी सव्वाचार इंचांपेक्षा अधिक नसावी असे ठरले आणि शंभरांपैकी २५ गुण केवळ आकारमानासाठी राखून ठेवण्यात आले. जे एकदा हातून निसटले ते पुन्हा निसटू नये, म्हणून घातलेले हे कुंपण होते.

आता फाइफही वाढू लागली आहे, अशी तक्रार तिच्याच चाहत्यांकडून ऐकू येते. काही म्हणतात, मर्यादा वाढवा; कागदावर एक आणि प्रदर्शनात दुसरे, हे ढोंग कशाला? काही म्हणतात, मर्यादा वाढविली तर ही जात ज्यासाठी निर्माण झाली तो हेतूच संपला.

हे घडते कसे, ते पाहण्यासारखे आहे. यात कोणी दुष्ट नसतो. रांगेतील पिंजरे पाहताना नजर सहजच किंचित गोलाकार, भरदार पक्ष्यावर स्थिरावते. त्याला पारितोषिक मिळते, त्याच्या पिलांना मागणी येते आणि पुढच्या हंगामात साऱ्यांचीच पाखरे थोडी भरदार होतात. कॅनरीची पिसे ढोबळमानाने दोन प्रकारची असतात: अरुंद, तकतकीत ती 'यलो' आणि रुंद, दाट, फिकट कडांची ती 'बफ'. या दोहोंची जोडी लावावी, हा जुना रिवाज. परंतु भरदारपणासाठी पुनःपुन्हा बफशी बफची जोडी लावली, तर पिसे इतकी जाड होऊ शकतात की काही त्वचेतून बाहेर न पडता आतच गुंडाळतात आणि त्यांच्या गाठी होतात. नॉर्विच आणि ग्लॉस्टर या जातींत हा विकार विशेष आढळतो. आपल्या डोळ्यांच्या आवडीची किंमत पाखराची कातडी मोजते.

नियम बदलण्याविषयी ॲरिस्टॉटलने सावध केले आहे. कायद्याचे बळ लोकांच्या सवयीत असते, म्हणून तो सहजासहजी बदलला तर कायद्याचीच शक्ती क्षीण होते. संत थॉमस अक्विनास यांनी हाच धागा पुढे नेला, परंतु त्यांनी हेही मान्य केले, की रूढीलाही कायद्याचे सामर्थ्य येऊ शकते. कारण वारंवार केलेल्या कृतीतून समाजाचा संकल्प आणि विवेक प्रकट होतो. मग फाइफची वाढ ही अशी रूढी मानावी काय? मला तसे वाटत नाही. येथे कोणी बसून 'पक्षी मोठा व्हावा' असा संकल्प केलेला नाही. क्षणोक्षणीच्या मोहांची ती बेरीज आहे. संकल्पातून येते ती रूढी. नकळत होते ती घसरण. रूढीपुढे नियमाने नमावे, घसरणीपुढे नव्हे.

याचा अर्थ मानदंड पवित्र आहे, असा मात्र नव्हे. सव्वाचार इंच हा निसर्गाचा आदेश नाही. रानातला कॅनरी त्याहून मोठाच असतो. शिवाय मानदंड स्वतःच अन्यायी असू शकतो. इटलीतील 'जिबर इटालिकस' या जातीत पिसे इतकी विरळ असतात की छाती आणि मांड्या उघड्या दिसतात, आणि तो उघडेपणाच गुण मानला जातो. तेथे 'परंपरा' म्हणून नियम कवटाळून बसणे हे निष्ठेचे नव्हे, निष्ठुरतेचे लक्षण होय. तो नियम बदलणे हेच कर्तव्य ठरेल.

मग विवेक कसा करावा? मला एकच कसोटी सुचते. प्रस्तावित बदलामुळे कोणाची सुटका होणार आहे? ज्याचे माप घेतले जाते त्या मुक्या जिवाची, की माप घेणाऱ्याची? पहिल्या कारणासाठी नियम आजच बदलावा. दुसऱ्या कारणासाठी तो बदलणे म्हणजे हरलेल्याने रेषा पुढे सरकविणे होय. फाइफच्या बाबतीत मर्यादा वाढविल्याने पाखराला काहीच लाभत नाही. आपली अडचण तेवढी दूर होते.

तेव्हा उपाय घटनेच्या कलमात नसून परीक्षकाच्या धैर्यात आहे. सुंदर परंतु मोठ्या पक्ष्याला त्याने खाली बसवावे आणि पालकाने तो निवाडा मुकाट्याने स्वीकारावा. वर्षभराच्या कष्टांनंतर हे कठीण आहे, यात शंका नाही. परंतु मोह होईल हे ओळखूनच पूर्वीच्या पालकांनी तो आकडा लिहून ठेवला होता. सारेच खरे नियम असे असतात: शांत मनाने, आपल्याच उद्याच्या दुर्बळ क्षणासाठी दिलेले वचन. ते वचन मोडले गेले हे प्रांजळपणे मान्य करणाऱ्यास परतीची वाट मोकळी राहते. मापच बदलणाऱ्यास, आपण वाट सोडली होती, हेही काही काळाने आठवेनासे होते.