विलंबाचे माप

दापोलीला विमानतळ नाही. तरीही आमच्या तालुक्यातील कित्येक घरांचे डोळे विमानाकडे लागलेले असतात, कारण घरचा कर्ता मुलगा आखातात असतो. गेल्या श्रावणात शेजारच्या पडवीत एक वृद्ध गतप्राण होऊन पडले होते. उशाशी दक्षिणाभिमुख दिवा तेवत होता, बर्फाची लादी पाझरून ओघळ उंबऱ्यापर्यंत आला होता, आणि पुतण्याच्या हातातील मोबाईलवर दुबईहून निघालेले इवलेसे विमान मुंबईलगतच्या समुद्रावर घिरट्या घालीत होते.

विमानाच्या वक्तशीरपणाचे माप त्याच्या चाकांशी बांधलेले आहे. चाकांपुढचे अडसर निघून विमान हलले की प्रस्थान, मुक्कामी ते पुन्हा बसले की आगमन; आणि छापील वेळेनंतर १५ मिनिटांच्या आत हे घडले तर दप्तरी विमान वेळेवर. शिवाय धावपट्टीपुढची रांग आणि आकाशातील घिरट्या यांची तजवीज करून प्रवासाची मुदत मुळातच सैल ठेवण्याचा प्रघात असल्यामुळे, जमिनीवर गमावलेली मिनिटे पुष्कळदा हवेत भरून निघतात. ते विमानही वेळेवरच आल्याची नोंद झाली. त्या नोंदीत खोटे काही नव्हते. पण पडवीतील प्रतीक्षा कोणत्याच खाती जमा नव्हती, याची टोचणी मला अजून आहे.

विलंब मोजावा तो निघालेल्याच्या बाजूने की वाट पाहणाऱ्याच्या? धर्मशास्त्रासही हा प्रश्न पडला होता. परदेशस्थाला सपिंडाच्या मृत्यूची वार्ता दहा दिवसांच्या आत कळली तर उरलेल्या दिवसांचेच अशौच, त्यानंतर कळली तर तीन रात्रींचे, आणि वर्ष लोटल्यावर केवळ स्नान, अशी मनूची व्यवस्था आहे. जितका उशीर तितकी वजावट, हा हिशेब दप्तरासारखाच. परंतु मातापितरांपाशी निबंधकार थबकले. पुत्र कितीही दूर असो, वार्ता ऐकेल त्या दिवसापासून त्याला पूर्ण दहा दिवस, असे वचन त्यांनी ग्राह्य मानले. दापोलीच्याच मिशन हायस्कुलात शिकलेल्या महामहोपाध्याय काण्यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात या अशौचविचाराचा साक्षेपी परामर्श घेतला आहे. मला मात्र त्या वचनात कर्मठपणाहून कारुण्यच अधिक दिसते: वार्ता पोहोचेपर्यंत त्या पुत्राचा पिता त्याच्यापुरता जिवंतच होता, आणि शास्त्राने ते जिवंतपण नाकारले नाही.

माझे आजोबा नैरोबीत रेल्वेच्या कचेरीत होते. त्यांच्या वडिलांच्या निधनाचे पत्र बोटीने पोहोचले, तोवर इकडे पहिले मासिक श्राद्धही उरकले होते. पत्र वाचून ते तसेच अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली बसले, आणि ओलेत्यानेच आत येऊन त्यांनी चुलीतला कोळसा घेतला व भिंतीवर पहिल्या दिवसाची रेघ ओढली.