वैऱ्यालाही तेच माप

शंका : न्यायाने वागण्याचे बंधन मुसलमानावर फक्त आपल्या लोकांपुरते आहे, की विरोधकाच्या बाबतीतही आहे?

समाधान : विरोधकाच्या बाबतीतही आहे, किंबहुना कुरआनात या आदेशाचा सर्वांत ठळक उल्लेख वैराच्या संदर्भातच येतो. ‘अल-माइदा’ या पाचव्या सूरेची आठवी आयत एखाद्या समाजाविषयीच्या द्वेषापोटी न्याय सोडण्याची स्पष्ट मनाई करते. त्याच सूरेच्या दुसऱ्या आयतीत या मनाईची पार्श्वभूमी दिसते. इ.स. 628 मध्ये पैगंबर मुहम्मद (स.) आणि त्यांचे सोबती यात्रेसाठी मक्केकडे निघाले असता मक्केतल्या कुरैश टोळीने त्यांना काबेपर्यंत जाऊ दिले नाही. मक्केजवळच्या हुदैबियाहून त्यांना परतावे लागले. उपासनेचाच हक्क अडवला गेल्याने मनात राग असणे स्वाभाविक होते. त्या रागाच्या भरातही मर्यादा ओलांडू नये, असे ती आयत बजावते. चौथ्या सूरेतील 135 वी आयत हेच बंधन आतल्या बाजूने घालते : साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरोधात जात असली तरी ती खरीच द्यायची. बाहेर द्वेष आणि घरात माया, या दोन्हींमुळे माणूस न्यायापासून ढळतो, आणि कुरआनने दोन्ही वाटा बंद केल्या आहेत.

शंका : गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरीच्या भागात तेंदू, मोह, डिंक, धान यांचा व्यवहार मोजणीवर चालतो. ज्या गावाशी वा माणसाशी वाद आहे, त्याच्या मालात थोडी कपात केली तर तो खरोखर गुन्हा ठरतो का?

समाधान : ठरतो, आणि तो लहान गुन्हा नव्हे. घेताना भरून घ्यायचे आणि देताना कमी द्यायचे, अशा लोकांना कठोर इशारा देऊनच कुरआनची 83 वी सूरा सुरू होते. मराठीत याला ‘मापात पाप’ म्हणतात. समोरचा गिऱ्हाईक कोणत्या धर्माचा, मित्र की वैरी, असा कोणताही अपवाद तेथे केलेला नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण खैबरचे आहे, आणि आपल्या प्राणहिता नदीच्या काठच्या व्यापाऱ्याला ते दूरचे वाटू नये. खैबरच्या लढाईनंतर तेथील यहुदी शेतकऱ्यांशी करार झाला : खजुराच्या बागा त्यांनीच कसायच्या आणि निम्मे उत्पन्न मदीनेला द्यायचे. झाडावरच्या पिकाचा अंदाज बांधण्यासाठी पैगंबरांनी आपले सोबती अब्दुल्लाह बिन (इब्ने) रवाहा यांना पाठवले. इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’ या ग्रंथात पुढची हकीकत आहे. अंदाज कमी लावावा म्हणून शेतकऱ्यांनी आपल्या बायकांचे दागिने गोळा करून त्यांच्यापुढे ठेवले. इब्ने रवाहांनी ती लाच हराम म्हणून नाकारली. या लोकांविषयी आपल्या मनात तीव्र तिटकारा आहे, हे त्यांनी लपवले नाही. पण त्या तिटकाऱ्यामुळे आपण त्यांच्यावर अन्याय करणार नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. आकाश आणि पृथ्वी याच न्यायावर उभी आहेत, अशा आशयाचे उद्गार त्या शेतकऱ्यांनीच काढले. या प्रसंगात इब्ने रवाहांचे मन बदललेले नाही. राग तसाच आहे, तरी पिकाचा अंदाज खराच लावला जातो. मनातल्या भावनेवर माणसाचा पूर्ण ताबा नसतो, हातातल्या मापावर असतो. धर्माने जबाबदारी धरली आहे ती मापाची.

आता हेच अहेरी-आलापल्लीच्या जंगलात पाहावे. उन्हाळ्यात घरातली सगळी माणसे पहाटेच तेंदूपाने तोडायला जातात, दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, आणतात. तेथे मोजणी होते. पुडा कच्चा आहे, पाने फाटकी आहेत, असे म्हणून किती पुडे बाद करायचे, हे मोजणाऱ्याच्या तोंडावर असते. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा यांच्यानंतर अनेक ग्रामसभा पानांचा लिलाव स्वतः करू लागल्या. त्यामुळे दरावरून ठेकेदार आणि गाव यांच्यात खटके उडणे नवे नाही. मोजणारा मुसलमान असेल आणि एखाद्या गावाने त्याच्या मालकाविरुद्ध तक्रार केलेली असेल, तर त्या गावातल्या बाईचा एकही चांगला पुडा रागापोटी बाद करण्याचा अधिकार त्याला नाही. ‘मालकानेच सांगितले’ हे उत्तर त्याला वाचवत नाही, कारण अन्यायाच्या कामात आज्ञापालन नाही. मोहाच्या वजनाला आणि धानाच्या पायलीलाही हाच नियम लागू आहे.

शंका : भांडण आपल्या जमातीतल्या माणसाचे आणि परक्याचे असेल, तर आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहणे हे बंधुत्वाचे कर्तव्य नाही का?

समाधान : बंधुत्वाचा अर्थ हदीसनेच सांगून ठेवला आहे. भाऊ जुलूम सोसणारा असो वा करणारा, त्याला मदत करावी, असे पैगंबर म्हणाले. जुलूम करणाऱ्याला मदत कशी करायची, असे विचारल्यावर त्याचा हात धरून त्याला थांबवणे हीच मदत, असे त्यांनी सांगितले. चौथ्या सूरेच्या 105 व्या आयतीपासूनच्या भागाविषयी अनेक भाष्यकार एक घटना सांगतात. मदीनेतल्या तुअमा नावाच्या माणसाने चिलखत चोरले आणि आळ एका यहुद्यावर ढकलला. तुअमाचे कुळ त्याच्या पाठीशी उभे राहिले, पैगंबरांकडे येऊन रदबदली करू लागले. त्यावर विश्वासघातक्यांची वकिली करू नये, असा आदेश आला आणि यहुदी निर्दोष ठरला. त्या काळात मदीनेतल्या यहुदी टोळ्यांशी मुसलमानांचे संबंध ताणलेले होते, हे ध्यानात घेतले की या निवाड्याचे मोल कळते. जमातीची बैठक बसते तेव्हा आपल्या पोराला सोडवण्याआधी खरे काय घडले, याचा तपास व्हायला हवा.

शंका : विरोधकाविषयी ऐकीव गोष्ट पुढे सांगितली, तर त्यात न्याय-अन्यायाचा प्रश्न कोठे येतो?

समाधान : गडचिरोली जिल्ह्यात तरी हा प्रश्न कोणी विचारू नये, इतका तो गंभीर आहे. पोलिसांचा खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून या जिल्ह्यात माओवाद्यांनी अनेक गावकऱ्यांचे प्राण घेतले आहेत. नक्षल्यांना मदत केल्याच्या संशयाने माणसे चौकशीच्या फेऱ्यातही अडकली आहेत. जमिनीच्या किंवा निवडणुकीच्या वैरातून कोणाला असा शिक्का मारणे म्हणजे त्याचा जीव टांगणीला लावणे होय. कुरआनच्या 49 व्या सूरेची सहावी आयत सांगते की बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी खातरजमा करावी, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाचे नुकसान होईल आणि मग पस्तावावे लागेल. बनू मुस्तलिक या टोळीने जकात नाकारली, अशी चुकीची खबर एका वसुली करणाऱ्याने आणली होती आणि त्यांच्यावर चाल करून जाण्यापर्यंत गोष्ट आली होती, हे या आयतीमागचे निमित्त म्हणून सांगितले जाते. ज्याच्याशी पटत नाही त्याच्याविषयीची बातमी चटकन खरी वाटते. म्हणून तिथेच जास्त खातरजमा करावी.

शंका : प्रकरण कोर्टात गेले आणि निकाल आपल्या बाजूने लागला, तर घेतलेली वस्तू हलाल होते ना?

समाधान : आपला हक्क खरा असेल तरच. पैगंबर स्वतः न्यायाधीश असतानाही त्यांनी सांगून ठेवले होते की आपण ऐकलेल्यावरून निवाडा करतो. कोणी बोलण्यात हुशार असल्यामुळे भावाचा हक्क त्याच्या पदरात पडला, तर तो आगीचा तुकडा आहे असे त्याने समजावे. न्यायाधीशाचा निकाल कागद बदलतो, मालकी बदलत नाही. या भागात याचा सरळ संबंध जमिनीशी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ नुसार आदिवासीची जमीन पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही. दुसऱ्याच्या नावावर घेऊन, जुनी उधारी दाखवून, अंगठ्याचा कागद पुढे करून मिळवलेली जमीन तलाठ्याच्या दप्तरात टिकली तरी शरीअतच्या दृष्टीने बळकावलेलीच राहते.

शंका : पूर्वी असा अन्याय हातून झाला असेल तर काय करावे?

समाधान : माणसाचा हक्क नुसत्या तौबेने (पश्चात्तापाने) फिटत नाही. घेतलेले परत करावे लागते, आणि तो माणूस बिगर-मुस्लिम आहे किंवा आजही वैरी आहे, याने काही फरक पडत नाही. तो वारला असेल तर वारसांना द्यावे. पाने तोडायला आलेले मजूर तेलंगणात किंवा छत्तीसगडात परतले असतील, तर त्यांच्या गावापर्यंत शोध घ्यावा. सगळे प्रयत्न करूनही कोणी सापडले नाही, तर तेवढी रक्कम मूळ मालकाच्या वतीने गरिबांना द्यावी, असे बहुतेक फिकहशास्त्री (इस्लामी कायद्याचे जाणकार) सांगतात. नंतर मालक भेटला आणि त्याने तो दानधर्म मान्य केला नाही, तर त्याची रक्कम पुन्हा चुकती करावी लागते. खोटा आळ घेतला असेल, तर ज्या लोकांसमोर तो घेतला त्यांच्यासमोरच तो मागे घ्यावा.